पहिल्या ओळीतले सहा उंदीर

गेल्या महिन्यात नात सोसायटीच्या बागेत सायकलवरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. मी बाकावर बसले होते, उठले, आणि हात आपोआप भिंतीकडे गेला. तिथे फरशीच्या फटीत दगडी पाला उगवतो. कुणी लावत नाही. माळी उपटतो, तो परत येतो. लांब दांडी, वर बारकं फूल. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी, आमच्या मराठवाड्यात दगडी पाला. विळा लागला की आई हाच तळहातावर चोळायची आणि जखमेवर रस पिळायची. चुणचुणायचं, पण रक्त थांबायचं.

पाला चोळला तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, हे प्रूव्ह झालंय का?"

दहा वर्षांची आहे. शाळेत सायन्सचं प्रदर्शन झाल्यापासून सगळ्यालाच हे विचारते, ताटातल्या भेंडीलासुद्धा. वरून गॅलरीतून सून म्हणाली, "आई, ते नका लावू, मी औषध घेऊन येते खाली." एरवी मी सुनेशी वाद घातला असता, मला वाद घालायला आवडतं. त्या दिवशी पाला मुठीतच ठेवला. कारण नातीच्या प्रश्नाचं उत्तर एकदा मिळता मिळता राहिलं होतं, आणि राहिलं ते माझ्यामुळे. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

कामोठ्याला आम्ही अलीकडे आलो. त्याआधी तुर्भ्याला राहायचो, आणि मी महाप्याला औषधं तपासणाऱ्या एका कंपनीत उंदीर सांभाळायचे. पांढरे, लाल डोळ्यांचे. पिंजऱ्यातला कोंडा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या उकळायच्या, खाणं तोलून घालायचं. लोक नाक मुरडायचे. मी म्हणायचे, अहो, तुमच्यापेक्षा स्वच्छ आहेत, दिवसभर अंग चाटत बसतात. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं वाचणं मी पिंजऱ्याला लावलेल्या चिठ्ठ्यांवर शिकले. इंग्रजी आकडे, वारांची नावं, मग औषधांची. एक अक्षर कळलं की दुसरं त्याच्या मागे यायचं.

त्या खोलीत एक मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण मॅडमच म्हणायचं असा नियम. त्या मला मावशी म्हणायच्या. रायगडच्या खाडीकाठच्या कोकणी मुसलमान घरातल्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकी कोलंबी असायची, आणि माझी ज्वारीची भाकरी दिसली की डबा माझ्याकडे सरकवायच्या. "मावशी, बदली." रोजच्या रोज बदली. रोज्याच्या महिन्यात पाणीसुद्धा न पिता उभ्या राहून काम करायच्या. मी समोर खायला लाजायचे तर म्हणायच्या, "खा ना, रोजा माझाय, तुमचा नाही."

एकदा काचेची बाटली फुटली आणि त्यांचं बोट कापलं. मी बाहेर गेले, कंपाउंडच्या भिंतीपाशी दगडी पाला होता, तो आणून पिळला. रक्त थांबलं. त्या बोटाकडे बघत राहिल्या. तीन दिवसांनी म्हणाल्या, "मावशी, हा पाला मला पिशवीभर हवा."

तिथून सगळं सुरू झालं. त्यांना डॉक्टरेट करायची होती, नोकरी सांभाळून. मोठ्या सरांना त्यांनी विचारलं, जनावरांच्या कमिटीची परवानगी आली. मी रविवारी नातेवाइकांना जुंपून पोती भरून पाला गोळा केला, सावलीत वाळवला. आईचा पाला सायन्समध्ये जाणार. मी तुर्भ्याच्या गल्लीत भेटेल त्याला हे सांगत सुटले होते.

मांडणीवर चार ओळी होत्या, एकेका ओळीत सहा पिंजरे, एका पिंजऱ्यात एकच उंदीर. प्रत्येकाला गुंगी देऊन पाठीवरचे केस काढले आणि रुपयाएवढी गोल कातडी कापून काढली. मग रोज मलम. पहिल्या ओळीला नुसतं मलम, आत औषध काहीच नाही. दुसरीला दुकानात मिळतं ते. तिसरीला आमच्या पाल्याचा अर्क घातलेलं. चौथीला वरच्या मजल्यावरच्या केमिस्ट लोकांनी नव्यानं बनवलेलं काहीतरी, त्याला नावसुद्धा नव्हतं, नंबर होता. ठरलेल्या दिवशी मॅडम जखमेवर पारदर्शक कागद धरून कड गिरवायच्या आणि नंतर चौकटीच्या कागदावर चौकोन मोजायच्या. चौकोन कमी झाले म्हणजे जखम भरली.

दुखणं किती कमी होतं त्याची तपासणी दुसऱ्या उंदरांवर. तापलेल्या पत्र्यावर ठेवायचं आणि त्यानं पाय चाटला की घड्याळ बंद करायचं. ते मला सोसायचं, कारण काही सेकंदांत आम्ही उचलून घ्यायचो. जखमेचं सोसेना.

त्यातही पहिल्या ओळीचं. आता बघा, मी लहान असताना गावात लग्नाची पंगत बसायची आणि आम्ही उकिरड्याच्या बाजूला पत्रावळ घेऊन थांबायचो. पंगत उठल्यावर आम्हाला वाढायचे, तेही लांबून. लाडू तिथवर यायचेच नाहीत. आईनं तेव्हा सांगितलं होतं, तुझ्या हातात वाढप आलं ना, तर एकालाही वगळू नको. मी आयुष्यभर ते पाळलं. विहारात जेवण असलं की शेवटच्या पानापर्यंत मीच जायचे. आणि इथे माझ्यासमोर सहाजण पाठ उघडी टाकून बसलेले, आणि मॅडम मलम लावतायत ते रिकामं.

मॅडमनी सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मावशी, ही ओळ अशीच ठेवायची हं." मी मान डोलावली. समजलं नसलं तरी मान डोलवायची सवय आपल्याला लहानपणापासून असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी येताना भिंतीपासचा ओला पाला ओच्यात घेऊन आले. साफसफाईला मी सातला यायचे, मॅडम नऊला. पहिल्या ओळीतला एकेक उंदीर मांडीवर घेतला, रस पिळला, थोडा वेळ धरला आणि उकळलेल्या पाण्याच्या कापसानं पुसून घेतला. ते शांत बसायचे. माझा हात ओळखायचे. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी की काय सांगू. मग रोज तसंच. रविवारी माझी सुट्टी असायची, त्या दिवशी मी घरी बसून त्यांची काळजी करायचे.

एकदा मॅडम कागद धरता धरता थांबल्या.

"मावशी, हे हिरवं काय आहे?"

कुठला उंदीर कुठल्या पिंजऱ्यातला ते ओळखू यावं म्हणून आम्ही उंदरांच्या शेपटीवर रंगीत मार्करच्या रेघा मारायचो. माझ्या तोंडून लगेच निघालं, "मार्कर लागला असेल, चाटत असतात ना."

"तरी म्हटलं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या उंदराकडे वळल्या.

पाला लावला तो दयेनं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण मार्करचं कशानं सांगितलं? ते दयेनं नाही. चोरी लपवायलाच सांगितलं. म्हणजे चोरी आहे हे मला कळत होतं.

शेवटच्या मोजणीनंतर मॅडम चौकटीचे कागद घेऊन बसल्या. पुन्हा पुन्हा मोजले. मग हसून म्हणाल्या, पण ते हसू खरं नव्हतं, "काय हो मावशी, तुमच्या पाल्यात काही दम नाही. नुसतं मलम लावलेलेसुद्धा तेवढेच बरे झालेत."

मी म्हटलं, "बरे झाले ना, मग चांगलंच की."

"अहो, चांगलं कसं? काहीच औषध न लावता किती भरतं ते पहिल्या ओळीवरून कळतं. तेवढंच जर पाल्यानं भरलं, तर पाल्यानं केलं काय? आणि वरच्या नव्या औषधानं तरी काय केलं?"

हातातली बाटली मी तशीच धरून उभी राहिले. तेव्हा कळलं, ती ओळ उपाशी ठेवलेली नव्हती. बाकीच्या तिन्ही ओळी तिच्यावर उभ्या होत्या. खरं सांगायचं ते त्याच क्षणी. मी बाटली धुवायला गेले.

नोकरीची भीती होती, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळीच. मॅडम माझ्याकडे बघतील कशा, डबा सरकवतील का, याची.

सरांनी सांगितलं, पुन्हा करा. पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा तेवढेच उंदीर, पुन्हा तेवढ्या पाठी. आणि काम संपलं की त्या सगळ्यांना कायमचं झोपवतात, तोही नियमच. पहिले चोवीस गेलेच होते. सहांचं दुखणं मला बघवलं नाही म्हणून आणखी चोवीस आले. नव्या पिंजऱ्यांना चिठ्ठ्या मीच लावल्या.

जास्तीची जनावरं का हवीत हे कमिटीला लिहून द्यावं लागतं. मॅडम लिहीत होत्या, मी कोंडा भरत होते. विचारलं, "काय लिहिलंत?" त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं, की पहिल्या वेळी जखमा सारख्या खोलीच्या झाल्या नसाव्यात, कापणाऱ्याच्या हाताची चूक असावी.

"कापणारं कोण?"

"मीच ना," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण असणार?"

दुसऱ्या वेळी मी पहिल्या ओळीला हात लावला नाही. कोंडा बदलायचे आणि तोंड फिरवायचे. त्या सहाजणांच्या जखमा रेंगाळल्या. पाल्याच्या ओळीच्या लवकर मिटल्या. आईचा पाला खरा ठरला होता, माझ्या डोळ्यांदेखत. पण सर म्हणाले, एकदा एक येतं, एकदा दुसरं येतं, अशानं कोण विश्वास ठेवणार. पाल्याची फाईल बंद झाली. मॅडमची डॉक्टरेट त्याच्यावरच उभी होती, ती लांबली, मग राहिलीच. त्या बेलापूरला एका ऑफिसात गेल्या, दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासायला. जाताना मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "हात स्थिर नाही मावशी माझा. कागदांवर ठीक आहे." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्याच हातानं.

दर ईदेला मी त्यांना मेसेज पाठवते, त्या माझी चौकशी करतात. इतकी वर्षं एवढंच.

नात पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. मॅडमना वाटलं तब्येतीचं काही. मी म्हटलं, तब्येत ठीक आहे, तुम्ही बसलात का कुठे? बसा आधी. आणि सांगून टाकलं. पाला, सकाळचे सात, मार्कर, सगळं.

"सगळ्या सहांना?"

"सगळ्या सहांना."

"कितव्या दिवसापासून?"

"तिसऱ्या. शेवटच्या मोजणीपर्यंत. रविवार सोडून."

"ओला रस? नुसता?"

"ओला."

मी म्हटलं, "मला रागवा हो."

त्या म्हणाल्या, "रागवायचं नंतर बघू. मावशी, मी त्यानंतर ब्लेड हातात धरली नाही. घरी भाजी चिरतानासुद्धा मला वाटतं माझे तुकडे वाकडे येतात. माझा नवरा हसतो."

माफ करा म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. फोन ठेवायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "लिहून द्या मला. तुमच्या हातानं. काय केलंत, कधी केलंत. बाकी काही नको."

"कुणाला दाखवणार?"

"माहीत नाही. आधी मला वाचायचंय."

नातीच्या वहीतलं पान घेतलं. गुडघ्याला खपली धरलेली ती शेजारी बसून चित्रं काढत होती. मी लिहिलं, मला त्या मुक्या जीवांची दया आली, लहानपणी मी पंगतीत. एवढ्यावर थांबले. हे मॅडमनी कुठे विचारलं होतं? पान फाडलं. नात म्हणाली, "आजी, चुकलं?" मी म्हटलं, "हो." दुसऱ्या पानावर लिहिलं: पहिल्या ओळीच्या सहाही उंदरांना मी तिसऱ्या दिवसापासून, रविवार सोडून, रोज सकाळी सातला दगडी पाल्याचा ओला रस लावला. हिरवा डाग मार्करचा नव्हता. मॅडमच्या हाताची चूक नव्हती.

खाली सही केली. नातीला पानाचा फोटो काढायला लावला आणि पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.