जनान्याचा पडदा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा आमच्या भागातली मोटार कोळशावर चालू लागली. तिच्या पाठीला माणसाएवढं लोखंडी पिंप बसवलं होतं. त्यात कोळसा धुमसत ठेवायचा, त्यातून निघणारा वायू नळीनं इंजिनात जायचा, आणि मोटार धापा टाकत का होईना, पळायची. मालक पक्का हिशेबी. आधी बाभळीचा कोळसा घ्यायचा. पुढं शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, खड्ड्यात जाळून त्यांचा कोळसा करू लागला, आणि कापसाच्या जिनिंगमधल्या बॉयलरचे टाकून दिलेले अर्धे जळके निखारेही पोत्यानं उचलून आणू लागला. कचऱ्यावर गाडी चालवून दाखवली म्हणून मिशीला पीळ देत फिरायचा. कौतुक मलाही होतं, खोटं कशाला बोलू?

पिंपाला लागूनच जनाना होता. बायकांची दोन बाकडी, आणि भोवती मेणकापडाचा जाड पडदा. पुरुष पुढं वारा खात बसायचे, आम्ही मागं उकडून निघायचो.

कुरुंद्याहून हिंगोलीला जाताना ओढ्याकाठी बाभळींचं बन लागायचं. तिथं मोटार थांबायची. क्लीनर पिंपातली राख काढायचा, कोळसा भरायचा आणि विस्तव फुलवायला हातानं पंखा फिरवायचा. आणि तिथंच बायका झपाटायच्या, तेही भर दुपारी. एवढ्या वटवट करणाऱ्या बायका एकेक करून गप्प व्हायच्या, मागच्या बाकड्यापासून पुढं. कुणी घुमायची, कुणाची दातखिळी बसायची. पुरुषांना कधी काही झालं नाही. मग ठरलंच, की बनात बाळंतपणात मेलेली एक बाई आहे आणि ती बायकांनाच धरते. त्यातही पोटुशीवर तिचा डोळा. यावर उपायही निघाले. बन यायच्या आधी पडदा घट्ट बांधायचा, म्हणजे तिला आतलं दिसत नाही. आणि तिच्या नावानं एक कोंबडी सोडायची.

मला सातवा सरला आणि माहेरी, नरसीला जायचं ठरलं. पोहोचवायला माझी थोरली जाऊ निघाली. मी तिला बाई म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं, आणि माझी आधीची दोन पोटातच गेली होती. या तिसऱ्याची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त. उठलं की सुंठ, बसलं की खारीक. मी जात्याच चिडकी. निघताना म्हणाले, "मला कोणतं भूत धरतं? मीच धरीन त्याला." तिनं घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवला.

त्या दिवशी जनान्यात आम्ही दोघीच होतो. बन जवळ आलं तशी बाईनं पडद्याच्या नाड्या बांधल्या. मोटार थांबली. आत अंधार, बाहेर नुसता पंख्याचा आवाज, घुंऽ घुंऽ, एका सुरात. मागच्या फळीत एक फट होती. तिच्यातून कोमट हवा आत येत होती. बाईनं तिथं हात धरला आणि झटकन मागं घेतला.

"तिचा श्वास हाय गं," ती म्हणाली. "तू पल्याड सरक. पार कडंला."

"आन् तुमी?"

"मला काय करती ती? माझ्याजवळ न्यायला हायेच काय?"

तिनं वाकळेची घडी फटीत कोंबली आणि तिला पाठ लावून बसली. बनात सोडायला बाईनं आणलेली कोंबडी डालग्यात थोडी फडफडली नि पडली. बाईनं तिला हलवून पाहिलं.

"घेतली तिनं," ती म्हणाली. तिच्या आवाजात केवढा आनंद होता! "सुटलीस पोरी. आता लेकराला धोका न्हाई."

मग म्हणाली, "लई डोकं दुखून राहिलं." मग, "पडदा सोडू नको." पुढं काही बोलली नाही. पंखा चालूच होता. मी हाक मारली, "बाई!" ती समोर ताठ बसलेली, डोळे अर्धे उघडे, आणि मला वाटलं ती माझ्याकडं नाही, माझ्यामागं कुणाकडं तरी बघते आहे. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात पोटातून उमासा आला. ओकारीला लाज नसते. मी नाड्या तोडल्या आणि डोकं बाहेर काढलं.

बाईला उचलून बाभळीखाली ठेवलं तेव्हा ती गेली होती. तिचे गाल लालबुंद होते. इतकी टवटवीत मी तिला जिवंतपणी कधी पाहिली नव्हती. लोक पुढं व्हायला भ्याले.

नरसीला मला मुलगा झाला. लढाई संपली, पेट्रोल आलं, पिंप उतरवलं आणि बायका झपाटायच्या थांबल्या. बाईला नेऊन बनातली ती शांत झाली, असं जो तो म्हणू लागला. मालकही तेच सांगायचा. त्याच्या सोयीचं होतं.

त्याच मुलानं पुढं कॉलेजात शिकून मला समजावलं. कोंडलेल्या कोळशाचा तो वायू विषारी, त्याला ना वास ना रंग. पंखा फिरला की तो फटीतून आत यायचा आणि पडद्यामुळं कोंडून राहायचा. गालही त्यानंच लाल होतात.

"आई, भूत नव्हतंच गं," तो म्हणाला. "तुम्ही उगाच भ्यालात."

मला त्याचा असा राग आला! बाईची आठवण आली की आजही माझा जीव तुटतो.

"भूत नव्हतं हे बराबर," मी म्हणाले. "पण तिला कुठं ठाऊक होतं? ती भुताला अडवूनच बसली होती. तुझ्यासाठी."