नव्या रेडिओला तेल

कोल्हापुरातल्या त्या रेडिओच्या दुकानातल्या विक्रेत्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कचेरीतून परतताना मी तिथं गाणी ऐकत उभा राहायचो. नव्या रेडिओचा आवाज कुणाला चिरका वाटला, की तो पाय उचलून आपली चप्पल दाखवायचा आणि ठणकावून सांगायचा, "नवी चप्पल आधी चावती का न्हाय? तसंच हाय ह्ये. म्हैनाभर वाजवा, आवाज मऊ हुतोय की!"

एकदा शिरोळकडचा एक शेतकरी धोतरात गुंडाळलेला रेडिओ घेऊन आला. रेडिओच्या पुढच्या, आवाज येतो त्या कापडावर तेलाचा भलामोठा डाग होता आणि आतून नुसती घरघर येत होती.

"चपलेला देतो तसं रोज तेल दिलं," तो ओशाळून म्हणाला. "माझंच कायतरी चुकलं असंल."

मी खो खो हसलो. विक्रेता हसला नाही. त्यानं पाय मागं घेतला आणि खाली बघत म्हणाला, "तुमचं न्हाय चुकलं, पावणं. आवाज मऊ हुतोय का न्हाय, ह्ये मला तरी कुठं म्हाईत हाय?"

शेतकरी मात्र माझ्याकडं बघून हसला, मला एकट्याला हसावं लागू नये म्हणून. त्यानंतर मी घरी दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागलो.