टीव्हीचं फुलाफुलांचं कव्हर

टीव्ही तापायला लागला आणि माझ्या जिवाला घोर लागला. टीव्हीचा नाही, आबांचा. माझे वडील आताशा बरंच विसरतात. पडद्यावर काहीतरी हलतंय तोवर खुर्चीत बसतात; पडदा काळा झाला की उठतात आणि "ऊस भरला का बघून येतो" म्हणत थेट इंदापूरच्या रस्त्यावर. यंदा आमच्या रानात ऊस लावलेलाच नाही. त्यात कारखान्याचा सीझन. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून सुसाट जातात, त्यांना कुठला म्हातारा दिसतोय! परवा आबांना मी ऐन वेळी दंडाला धरून मागं ओढलं.

तशी मी एका जागी बसणारी बाई नाहीच. प्लग बदलला. स्टॅबिलायझर आणला. टीव्हीच्या पाठीमागच्या भोकांतली धूळ ब्रशने काढली. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि मी बसले घाम पुसत. मेकॅनिकने उघडून पाहिला, त्याच्यासमोर शहाण्यासारखा चालला. माझ्यासमोरही चालायचा. मी स्वयंपाकघरात गेले की पुन्हा पाठ तव्यासारखी गरम आणि पडदा काळा. असा राग यायचा, की उचलून उकिरड्यावर टाकावा.

शेवटी एका दुपारी टीव्ही पुसून, सुरू करून मी भाकरी थापायला गेले आणि परातीतलं पीठ तसंच सोडून दाराआडून पाहत राहिले. आबा उठले. निघाले वाटतं, म्हणून मी ओढणी खोचली. पण त्यांनी मी काढून ठेवलेलं कव्हर उचललं, झटकलं, टीव्हीच्या पाठीवरून नीट खाली ओढलं, पुढची झालर वर उलटून टाकली आणि बसले बघत.

आईने शिवलेलं कव्हर. सीझनमध्ये कारखान्याची काळी राख घरभर पडते, म्हणून तिने फ्रीज, मिक्सर, सगळ्यांना कव्हरं शिवली होती. ती होती तेव्हा टीव्ही संध्याकाळी तेवढा लागायचा, आता दिवसभर. आणि ते कव्हर इतकी वर्षं तिथंच पाहिलेलं, मला दिसूनही दिसलं नव्हतं.

मी तरातरा गेले आणि ते ओढून काढलं. "आबा, यानंच तापतोय त्यो! काय घालताय सारखं?"

"राख पडती गं. ती वरडंल."

"कोण वरडंल? आई न्हाय आता, आबा!"

जीभ आवरायला हवी होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाय? कुठं गेली?" म्हणाले, उठले आणि चपला शोधायला लागले. टीव्ही मागं मस्त गार, चालू होता. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी फाटकाशी आडवी उभी राहिले. "निमगावच्या बाजाराला गेलीया ती. येईल एवढ्यात. तुमी बसा, मी घालते कव्हर."

टीव्ही बंद केला. कव्हर घातलं, चारी कोपरे आईसारखे खाली ओढले, झालर सोडली. झाकलेल्या टीव्हीसमोर आबा बसून राहिले, एकदाही उठले नाहीत.

मीच दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होते.