नागअळीचा ठसा

आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, टोमॅटोचा प्लॉट आमच्या डिंगोरे गावात नावाजलेला. स्वच्छ प्लॉट म्हणून. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि आण्णा छाती फुगवून म्हणायचे, "रोगाचं एक पान सापडलं तर दावा, राव." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण आण्णांची बढाई पोकळ नव्हती. सकाळी चहाच्या आधी ते ओळीओळीनं फिरून यायचे.

मी तेव्हा जुन्नरला चित्रकलेच्या डिप्लोमाला होते. त्या वर्षी सरांनी आम्हाला पानांचे ठसे शिकवले. पानाच्या पाठीला रोलरनं शाई लावायची, कारण शिरा पाठीकडून उठून दिसतात. मग वर कागद ठेवून चमच्यानं हलक्या हातानं घासायचं. सगळ्यांचे ठसे सार्वजनिक बागेत झाडांना दोऱ्या बांधून चिमट्यांनी लावायचे होते, आणि पुण्याहून एक चित्रकार बाई येऊन त्यातले पाच तिकडच्या प्रदर्शनासाठी निवडणार होत्या. माझं आजवर काही म्हणजे काही निवडलं गेलं नव्हतं. सर एकदा वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुझा हात धसमुसळा आहे." मी असलं विसरत नाही.

बाकीच्यांनी पिंपळाची, पपईची, नेच्याची देखणी पानं आणली. मी बस चुकेल म्हणून पळता पळता आमच्या प्लॉटातली मूठभर पानं ओरबाडली. वर्गात तीच घाई. शाई लावली ती नेमकी पानाच्या वरच्या बाजूला. कागद उचलला तर शिरांचा पत्ता नाही! पण काळ्या पानावर एक पांढरी रेघ मात्र लख्ख उमटली होती. बारीक सुरू होऊन, वळणं घेत, पुढं जाड होत गेलेली. सर कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिले. "हा निवडला जाणार," एवढंच म्हणाले. मी घरापर्यंत हवेत होते.

ठशाखाली चिठ्ठी लावायची असा नियम होता. झाडाचं नाव, पान कुठलं, ठसा कुणाचा. मी ठळक अक्षरात लिहिलं, 'टोमॅटो. आमचा प्लॉट, डिंगोरे.' आणि खाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट.

निवडीच्या दिवशी आण्णा इस्त्रीचा सदरा घालून आईला घेऊन आले. बागेत आमच्या वर्गातल्या पोरांचे आईबाप, चुलते, शेजारी. कुणी आळे गावचे, कुणी आणे गावचे, बहुतेक सगळे शेतकरी. आण्णा माझ्या ठशासमोर थांबले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ही नागअळी हाय," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"आगं, बारीक आळी पानाच्या आत शिरून खात जाती, तिची वाट हाय ही! आन् खाली आपला प्लॉट लिवलायस? काढ आदी."

मला खरंच माहीत नव्हतं. शेतकऱ्याची पोर मी, पण मला ती रेघ नुसती सुंदर वाटली होती. तरी मी म्हटलं, "नाही काढणार. आज निवड आहे."

"मला तालुक्यात त्वांड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

"भांडू नका, लोकं बघत्यात," आई पुटपुटली.

आण्णांनी ठसा काढला नाही. त्यांनी काय करावं? ठशाला पाठ लावून उभे राहिले. हात मागं बांधून, पहारेकऱ्यासारखे. लोकांना वाटलं हा माणूस इथं माहिती द्यायला ठेवलाय. शेजारी घाणेरीचा ठसा होता. आळे गावच्या एका भाऊंनी विचारलं, "पावणं, हे कशाचं?" आण्णा सुरू झाले, "घाणेरी. जनावरानं खाल्ली तर लई तरास व्हतो." मग लोक जमायलाच लागले. आण्णांची जीभ अशी सैल सुटली की विचारू नका, पण पाय तसूभर हलले नाहीत. चहासुद्धा त्यांनी तिथंच उभ्यानं प्याला. आईला हसू आवरेना. मी मात्र आतून धुमसत होते.

कुणीतरी विचारलं, "तुमच्या मागं काय हाय?"

"काय न्हाई. रिकामं हाय."

रिकामं! हे फार लागलं मला. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

तेवढ्यात सर त्या बाईंना घेऊन आले. एकेक ठसा बघत बघत आण्णांपाशी थांबले. "जरा बाजूला होता का?" सर म्हणाले. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली. आण्णा बाजूला झाले.

बाई चष्मा सावरून वाकल्या. त्यांच्यामागून पाचसहा शेतकरीही वाकले. आळे गावचे भाऊ ओरडलेच, "आयला, नागअळी!"

सगळे आण्णांकडं वळले. आण्णांनी घसा खाकरला. "माझ्याच प्लॉटातलं पान हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "मी रोज बघतो, मला न्हाई दिसली. माझ्या पोरीला दिसली."

दिसली कसली, माझी चूक झाली होती! पण मी तोंड मिटून उभी राहिले. आण्णांनी चारचौघांत माझ्याबद्दल असं कधी काही बोललेलं मी ऐकलंच नव्हतं.

"आवो, आमच्याकडं निम्मा प्लॉट असाच हाय," आळे गावचे भाऊ म्हणाले. "कुणाला बोललो न्हाई, येवढंच." मग काय, ज्यानं त्यानं आपापली दुखणी बाहेर काढली. कुणाचा करपा, कुणाची फळ पोखरणारी अळी. दुपारपर्यंत माझ्या ठशाभोवती जत्रा, आणि पिंपळाकडं कुणी ढुंकूनही बघेना. बाई हसत होत्या. त्यांनी पाच ठसे निवडले, त्यात माझा होता.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी मला सकाळीच उठवलं आणि प्लॉटात नेलं. "तू म्होरं चाल," म्हणाले. "तू बघ. मी मागनं येतो."

आता मला राहवेना. "आण्णा, मला काही दिसलं नव्हतं. घाईघाईत पानाच्या भलत्याच बाजूला शाई लागली, म्हणून ती रेघ आली."

"ठावं हाय. सर काल बोललं मला."

"मग?"

"मग काय? आता तर बघशील ना," आण्णा म्हणाले, आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी वाकून पहिलं पान दोन्ही बाजूंनी बघितलं.