गोठ्यावरचा फ्लेक्स

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला माझ्या बारावीनंतरचा पावसाळा आठवतो. पुण्याच्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागणारच, म्हणून वडिलांनी यादीच्या आधीच दौंडहून माझा फोटो आणि कॉलेजचं नाव टाकून अभिनंदनाचा फ्लेक्स छापून आणला. यादीत मी नव्हतेच. मी रडून डोळे सुजवले आणि वडील ती गुंडाळी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. तेवढ्यात आजोबा गोठ्यातून आले. "म्हशीच्या अंगावर पानी गळतंय. टाक की ह्यो वर! पोरीचा फोटू बी झ्याक आलाय." रडता रडता मला हसूच फुटलं. पुढच्या फेरीत शिरूरकडचं साधं कॉलेज मिळालं, आता रांजणगावात नोकरी करते. परवा घरी गेले, तर गोठ्यावरच्या त्या फ्लेक्सवरून उन्हानं कॉलेजचं नाव पार उडालेलं. फोटोतलं माझं हसू मात्र अजून तसंच, आणि खाली म्हैस कोरडी.