याडीचा ढावलो आणि आमचा मनोरंजन डेस्क

बोरी अरबच्या स्टँडवर पुण्याची बस लागली आणि आमची याडी, म्हणजे आई, माझ्या गळ्यात पडून ढावलो गायला लागली. आमच्या तांड्यात ढावलो नवरी गाते, सासरी निघताना, एकेका माणसाच्या गळ्यात पडून. अर्धं गाणं, अर्धं रडणं. मी निघाले होते नोकरीला, आणि ढावलो शिकावा असं मला कधी वाटलंच नव्हतं. म्हणून माझ्या वाटणीचाही तिनंच गायला. कंडक्टर घाई करत होता, मी लाजेनं अर्धी झाले होते. धाकटा भाऊ अविनाश मोबाइलवर रेकॉर्डिंग करत होता. "रडून घे ना तू बी," तो म्हणाला, "कोन पाह्यते इथं तुले?" सगळा स्टँड पाहत होता.

आता मी पुण्यात एका न्यूज पोर्टलच्या मनोरंजन डेस्कवर कॉपी तपासते. तांड्यात राहिलेल्या तुम्हा लोकांना वाटतं, मी नटनट्यांबरोबर चहा पिते. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना खरं काय ते ठाऊक आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसून दुसऱ्यांची वाक्यं सरळ करायची, डबा खायचा, परत बसायचं. लाज आता त्या स्टँडची वाटत नाही. त्या दिवशी वाटली याची मात्र चिडचिड होते.

अविनाश तिकडेच राहिला. दिवसा कपाशी आणि तूर, संध्याकाळी गिटार. त्यात त्याला रेगेचं वेड लागलं. जमैकाचं हे संगीत. यात गिटारचा फटका ठेक्यावर पडत नाही, दोन ठेक्यांच्या मधल्या जागेत पडतो. याडीचा हुंदकाही नेमका तिथंच पडतो, असं त्याचं म्हणणं. स्टँडवरचं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून त्यानं चाल बसवली, याडीला समोर बसवून ढावलो पुन्हा गाऊन घेतला, आणि गाण्याखाली याडीचं नाव स्पष्ट लिहिलं, 'ढावलो : सोनाबाई'. गाणं तुफान चाललं. दारव्ह्याकडच्या वरातींत डीजेवरसुद्धा वाजलं.

भावाची बातमी बहिणीनं हाताळायची नाही, असा डेस्कचा नियम आहे आणि तो मला पटतो. बातमी एका सहकाऱ्यानं लिहिली. हेडिंग होतं, 'तांड्यातल्या तरुणाचा चक्क रेगे!' त्याच आठवड्यात त्यानंच पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांच्या रेगे बँडवर लिहिलं होतं. ती पोरं 'प्रयोगशील', त्यांनी रेगेचा 'अभ्यास' केलेला. अविनाशच्या गाण्यात मात्र 'झिंग', आणि संगीत त्याच्या 'रक्तातच'. शेतातून येऊन त्यानं बोटं सोलवटून घेतली, ती कुठे गेली? पोरांचा फोटो स्टुडिओतला, हेडफोन लावलेला. अविनाशचा स्टेजवरच्या धुरातला, डोळे मिटलेला. हा माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा खात नाही, आणि आमच्या जिल्ह्यात खर्रा न खाणारा शोधावा लागतो. त्या बँडला बासरीची साथ करणाऱ्या बाईंचं नाव होतं, त्यांच्या गुरूंच्या नावासकट. याडी कुठे होती? 'पारंपरिक लोकगीताचा तुकडा' या तीन शब्दांत.

खोटं एकही वाक्य नव्हतं. हीच तर पंचाईत. खोटं असतं तर धरता आलं असतं. एकेक शब्द सुटा दाखवला तर कुणालाही साधाच वाटतो. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की मग अंगाची आग होते. मी दोन्हींच्या प्रिंट काढून डेस्कप्रमुखाकडे गेले. तो वाईट माणूस नाही, माझ्या सुट्ट्या तोच अडू देत नाही. म्हणाला, अगं, कौतुकच केलंय की, घरचं आहे म्हणून तू मनाला लावून घेतेस. माझं तोंड बघून त्यानं 'चक्क' तेवढा काढला. याडीचं नाव घाला म्हटलं, तर बातमी आता जुनी झाली म्हणे.

शेजारच्या पोरीनं याडीला बातमी वाचून दाखवली. तिनं ती पुन्हा वाचायला लावली आणि मग मला फोन केला.

"गानं तं म्या म्हनलं," ती म्हणाली. "माहं नाव काहून नाही त्यात? तू तं तिथंच हायेस ना?"

यावर मी तिला डेस्कचा नियम समजावून सांगितला. सांगताना माझं मलाच ते कसंनुसं वाटत होतं.

दिवाळीला गेले. परतताना तोच स्टँड, तीच बस. याडीनं गळ्यात हात टाकले, आणि मग एकदम थांबून अविनाशला मोबाइल जवळ आणायला लावला. "आंधी नाव घे माहं," असं त्याला दटावून ती स्वच्छ आवाजात बोलली, "मी सोनाबाई. ढावलो मी म्हनून राह्यली." आणि मग गायली. अविनाशचं नवं गाणं तिथूनच सुरू होतं. गिटार नाही, ड्रम नाही, आधी तिचं नाव.

माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या गाण्याची बातमी आमच्याकडे लागली. 'गाण्याची सुरुवात एका अनामिक ग्रामीण स्त्रीच्या काळीज हलवणाऱ्या आवाजानं होते.' अनामिक! लिहिणाऱ्यानं गाणं ऐकलं होतं, पुढचं सगळं वर्णन बरोबर आहे. बाई काय बोलते तेवढं त्याच्या कानात शिरलं नाही. मी उद्या परत प्रिंट घेऊन जाणार आहे, आणि डेस्कप्रमुख परत एखादा शब्द काढून देईल.

घर कशाला म्हणायचं, असं पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी अंगण, चूल, असलं काहीतरी सांगितलं असतं. आता मला वाटतं, सोनाबाई अशी हाक मारली की जिथं ती हातातलं टाकून बाहेर येते, ते घर. इथे ती स्वतः नाव सांगते, तरी कुणाला ऐकू येत नाही.

नवी बातमी तिला अजून कुणी वाचून दाखवलेली नाही. आज सकाळी तिचा फोन आला. पाणी, पाऊस, अविनाशचं लग्न, सगळं बोलून झालं, आणि फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "आता तं आलं असन ना माहं नाव?"