कोट काढा, क्रॉदरसाहेब

माझा उजवा पाय थेल्मा सग्डेनबाईंच्या छतातून आरपार गेला, तेव्हा त्या खाली पलंगावर बसून विणत होत्या. मी वर माळ्यावर तुळईला मिठी मारून, आणि पाय खोलीत झुंबरासारखा लोंबतोय.

"लागलं नाही ना रे राजा?" खालून आवाज आला. "बूट इथे पडलाय. सावकाश ये."

भाड्याचं घर ऊब किती धरतं याचा दाखला देणं हा माझा धंदा. 'ए' म्हणजे थर्मास, 'जी' म्हणजे चाळणी. 'ई'च्या खाली घसरलं, की मालकाला ते भाड्यानं देता येत नाही. माळ्याच्या झडपेतून डोकं घालायचं, टॉर्च मारायची, ऊब राखायला अंथरलेल्या लोकरीचा जाड थर दिसला की उतरायचं, ही आमची रीत. ती घरमालक क्रॉदरला आमच्यापेक्षा पाठ होती. त्यानं लोकर अंथरली होती ती टॉर्चचा उजेड पोचेल तिथवरच! पलीकडे सगळं उघडं, वारा शीळ घालतोय. मी नेहमीसारखा उतरलोच असतो, पण बाईंनी गळ घातली होती, "त्या कोपऱ्यात जाऊन बघ ना बाळा, टपटप ऐकू येतं."

मागचा दाखला 'डी' होता. त्याच्या जोरावर क्रॉदरनं बाईंची प्रत्येक तक्रार उडवली. बाईंचा नवरा विल्फ त्याच पलंगावर खोकत पडलेला असताना तो फोनवर म्हणाला होता, "स्वेटर घालायला सांगा त्यांना." विल्फ गेला तेव्हा अंगात तीन स्वेटर होते. क्रॉदर मातीलाही फिरकला नाही.

नव्या दाखल्याच्या वेळी तो स्पेनच्या उन्हात होता. 'तुम्हीच बोलवा कुणाला तरी, स्वस्तातला,' असं बाईंना कळवून मोकळा. मी 'एफ' दिला. पण त्याला इथे हॅलिफॅक्सला खेचून आणलं ते माझ्या पायानं पडलेल्या भोकानं. भरपाई माझ्याकडून उकळायची होती ना!

भर जानेवारी. बाईंनी त्याला थेट विल्फच्या खोलीत, भोकाखाली नेलं; मी मागोमाग.

"कोट काढा, क्रॉदरसाहेब. नाहीतर बाहेर पडल्यावर त्याची ऊब लागायची नाही."

आमच्या यॉर्कशायरात हे वाक्य माणूस आईच्या तोंडून ऐकत वाढतो. नाही म्हणायची सोय नसते. कोट खाली खुंटीवर गेला. चहाही सवडीनं आला. मग केक. मग दुसरा चहा. क्रॉदरची बशी कपाशी बोलू लागली.

"जरा... गारठा आहे हो इथे."

"स्वेटर घाला की!"

तो उसळला. "घर रिकामं करा!"

"करते. मग देणार कुणाला? 'एफ' आहे."

क्रॉदरनं वर भोकाकडे पाहून छप्परवाल्याला फोन लावला. "उद्या या."

"आज," बाई म्हणाल्या. छप्परवाला येऊन शिडी लावीपर्यंत त्यांना कोट कुठे ठेवला ते काही आठवेना.

लोकर भिंतीपर्यंत पोचल्यावर मी पाहणीला गेलो. खोली उबदार होती. विल्फची खुर्ची रिकामी होती.

"बाई," मी विचारलं, "माळा तर खडखडीत कोरडा होता. मग टपटप कसली? आणि गावात इतके तपासनीस असताना मलाच का बोलावलंत?"

विणकामावरची नजर न काढता बाई म्हणाल्या, "काडीपैलवानानं छत फुटलं असतं होय?"